तीन पूर्णांक दोन

पूर्ण नाव लांबलचक आहे: पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींचा, नित्य स्थितीनुसार काढलेला बेरोजगारीचा दर. वर्तमानपत्रात तो नुसता ‘३.२ टक्के’ एवढ्याच नावाने आला. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाचा म्हणून तो २०२४च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाला. आदल्या वर्षीही तो तेवढाच होता. २०२३-२४पासून सहा वर्षे मागे गेलात तर तो ६ होता. म्हणजे माणूस असता तर जवळपास निम्म्याने रोडावला असे म्हणावे लागले असते, आणि त्याचे हे रोडावणे सगळ्यांना हवेहवेसे आहे. बातमीत त्याच्या शेजारी बहुधा त्याचा मोठा भाऊ उभा असतो, देशाच्या उत्पन्नवाढीचा दर. २०२३-२४ या वर्षासाठी तो सुरुवातीला ८.२ टक्के सांगितला गेला. एक भाऊ वाढतो आहे, दुसरा घटतो आहे. दोघे असे जोडीने उभे राहिले की देश सावरला असे म्हणायला आणखी कशाची गरज उरत नाही.

हा धाकटा खोटारडा आहे असे मला वाटत नाही. हे आधीच सांगतो, कारण त्याला उडवून लावणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचा मार्ग मला पटत नाही. त्याच्यामागे सुमारे एक लाख घरांचे उंबरठे आहेत, चार लाखांवर माणसांची उत्तरे आहेत, उन्हातान्हात दारोदार हिंडणाऱ्या पाहणी कर्मचाऱ्यांचे श्रम आहेत. तो सरळ स्वभावाचा आहे. जे विचारले तेवढ्याचेच उत्तर देतो. मात्र त्याला नेमके काय विचारले गेले, हे आपण कधी विचारत नाही.

त्याची घडण पाहा. पाहणी करणारा माणूस हातात टॅबलेट घेऊन घरात येतो, घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, शिक्षण लिहितो, आणि मग विचारतो की गेल्या वर्षभरात या व्यक्तीने बहुतांश काळ काय केले. उत्तराला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. स्वतःचे शेत किंवा दुकान चालवणारा ११. माणसे कामाला ठेवणारा १२. घरच्याच शेतात किंवा धंद्यात मोबदला न घेता हात लावणारा २१. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा ३१. रोजाने मजुरीला जाणारा ५१. काम नाही, पण मिळाले तर करायची तयारी आहे, असा माणूस ८१. शिकत असेल तर ९१. घरकाम करणारी बाई ९२. आपला ३.२ हा अंगापिंडाने सगळाच्या सगळा या एका ८१चा बनलेला आहे. ११ पासून ८१ पर्यंतची सगळी माणसे एकत्र केली, त्यांना श्रमशक्ती म्हटले, आणि त्यांच्यात शंभरामागे ८१ किती ते मोजले. ९१, ९२ आणि पुढचे सगळे या हिशेबाच्या बाहेर.

यात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. ३१ आणि २१ हे दोघेही इथे सारखेच वजन टाकतात. पुण्याजवळच्या कारखान्यात भविष्यनिर्वाह निधी कापून पगार घेणारी मुलगी आणि बापाच्या दोन एकरांत सोयाबीन खुरपणारी, हातात एक रुपया न पडणारी तिची बहीण, या दोघी या दराच्या दृष्टीने एकाच रांगेत आहेत. दोघींना काम आहे. शिवाय वर्षातला बहुतांश काळ भरला नसला, पण तीस दिवस किंवा अधिक काळ काही दुय्यम काम केले असले, तरी माणूस ‘कामात’ धरला जातो. आठवड्याची मोजणी वेगळी आहे. तिथे गेल्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी तासभर काम केलेले पुरते.

या दराचा जन्म मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली झाला. बेरोजगारी कशी मोजावी याचा विचार करायला नियोजन आयोगाने मुंबईचे अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. १९७० मध्ये तिने अहवाल दिला. ज्या देशात बहुतेक माणसे स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यात राबतात, जिथे काम ऋतूप्रमाणे येते-जाते, तिथे बेरोजगारीचा एकच एक ठोक आकडा काढून बसण्यात अर्थ नाही, असे त्या समितीने बजावले. पाळण्यातल्या पोराबद्दल त्याच्या जाणत्यांनीच दिलेला हा इशारा होता. त्या विचारातून पुढे तीन मापे तयार झाली, वर्षाचे, आठवड्याचे आणि दिवसाचे, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२-७३च्या फेरीत ती पहिल्यांदा वापरली गेली.

१९७२-७३ हे वर्ष महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसे अजून आपल्या घराघरांत आहेत. १९७३च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५च्या सुमारास करून पाहिलेला प्रयोग याच काळात राज्याची रोजगार हमी योजना झाला. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम. त्याचा पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात ती कपात आजही दिसते, पण ती कशासाठी सुरू झाली होती हे फार थोड्यांना ठाऊक असेल. बहात्तरच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर केलेला अभ्यास पुस्तकरूपाने आला होता. वाढीचे फळ आपोआप तळापर्यंत झिरपत नाही आणि गरिबाला हाताला काम देण्याची हमी सरकारलाच घ्यावी लागेल, ही त्यातली मांडणी होती.

रोजगार हमीचा हिशेब मस्टरवर होत असे, आणि मस्टरवर दिवस लागतात. आज आलास, हजेरी लागली. उद्या काम नाही, रकाना कोरा. भुकेचे मापही दिवसाचेच असते. दांतवालांच्या विचारातून आलेल्या तीन मापांपैकी दिवसाचे माप या मस्टरच्या सगळ्यात जवळचे होते. ते अर्धा दिवसही मोजायचे. माणूस आठवड्यात तीन दिवस कामावर आणि चार दिवस पारावर असेल, तर ते चार दिवस बेरोजगारीच्या खात्यावर जमा व्हायचे. १९७२-७३ मध्ये या मापाने बेरोजगारी आठ टक्क्यांच्या पुढे निघाली, वर्षाच्या मापाच्या दुपटीहूनही जास्त. २०११-१२ मध्येही वर्षाच्या मापाने २.२ टक्के, दिवसाच्या मापाने ५.६. २०१७ पासून नवी, नियतकालिक श्रमशक्ती पाहणी सुरू झाली तेव्हा हे दिवसाचे माप बाजूला ठेवले गेले. तीन भावांतला जो सगळ्यात जास्त दुखणे सांगायचा तोच घरातून गेला, याची म्हणावी तशी हळहळ कुठे व्यक्त झालेली मला दिसली नाही.

बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार घ्या. तिथे ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दिवाळीच्या आगेमागे गाडी भरते, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडात हंगाम संपेपर्यंत पहाटेपासून तोडणी, मोळ्या, भरणी. मार्च-एप्रिलमध्ये परत. मग कोरडवाहू तुकड्यात पेरणी होईपर्यंत मिळेल ते. उचल फिटली नसेल तर पुढच्या हंगामाचेही श्रम आधीच गहाण पडलेले. या जोडप्याला आपला ३.२ बेरोजगार म्हणणार नाही, आणि त्याच्या व्याख्येप्रमाणे ते बरोबरच आहे. त्यांच्याइतके राबणारे दुसरे कोण आहे? गरिबाला बेरोजगार राहणे परवडत नाही. भारतात या दराचे शरीर बहुतेक काळ किरकोळ राहिले, दोन-तीन टक्क्यांच्या आसपास, याचे मूळ इथे आहे. काम सुटले तर बहुतेकांना भत्ता देणारी व्यवस्था नाही, मग माणूस भाजीची पाटी घेतो, दुसऱ्याच्या रिक्षावर बदली चालवतो, गावी जाऊन भावाच्या शेतात उभा राहतो. तो ८१ मध्ये टिकतच नाही.

या दराच्या आयुष्यातला सगळ्यात वादळी काळ २०१९चा. नव्या पाहणीचा पहिला अहवाल, २०१७-१८चा, तयार होता आणि त्यात सर्व वयांसाठी काढलेला हा दर ६.१ टक्के निघाला होता. अहवाल बाहेर येईना. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोघांनी जानेवारीत राजीनामे दिले. त्यानंतर आकडा वर्तमानपत्रात फुटला आणि पंचेचाळीस वर्षांतली सर्वाधिक बेरोजगारी अशी त्याची ओळख झाली. पंचेचाळीस वर्षे म्हणजे थेट १९७२-७३ पर्यंत मागे, जिथून ही मोजणी सुरू झाली तिथपर्यंत. निवडणूक संपल्यावर, ३१ मे रोजी, अहवाल अधिकृतपणे आला. पाहणीची रचना बदललेली आहे, जुन्याशी तुलना करू नका, असे सरकारने सांगितले. रचना बदलली होती हे खरेच. पण आकडा आधी रोखायचा की आधी वाचायचा, याचे उत्तर त्या दोन राजीनाम्यांनी दिले होते, आणि त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

मग तो घटू लागला. २०१८-१९ मध्ये ५.८. पुढच्या वर्षी ४.८. त्याच्या पुढच्या वर्षी ४.२.

इथे थांबायला हवे. ४.२ हा आकडा जुलै २०२० ते जून २०२१ या वर्षाचा आहे. करोनाचे हे वर्ष कसे गेले हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आठवते. त्याच्या तोंडावर, एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत, थोरला भाऊ २३.९ टक्क्यांनी कोसळला होता. शहरांतल्या बेरोजगारीचा, आठवड्याच्या मापाने काढलेला दर त्या तिमाहीत २० टक्क्यांच्या पुढे गेला होता. महामार्गांवरून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालली होती. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ती माणसे मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाली होती. जे पोचले, ते गावात पोचून काय करणार होते? शेतात उतरले. पाहणी कर्मचारी पुढे कधीतरी त्या घरी गेला असेल तेव्हा त्याने ११ लिहिले असेल नाहीतर २१. अशा लाखो घरांतून त्या वर्षी जो दर तयार झाला तो आदल्या वर्षापेक्षा कमी होता. शेतीत गुंतलेल्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाले. कारखान्यातून शेताकडे उलटे वाहणारे पाणी, आणि बेरोजगारी घटली अशी बातमी. आकड्याने काही लपवले नाही. तो जे मोजतो त्यात ही शोकांतिका मावतच नव्हती.

थोरल्याचेही तेच. पुढच्या वर्षीच्या एप्रिल-जूनमध्ये तो २०.१ टक्क्यांनी वाढला आणि विक्रमाच्या बातम्या आल्या. शंभरातून चोवीस गेले की शहात्तर उरतात. शहात्तरावर वीस टक्के वाढले की एक्क्याण्णव होतात. दोन वर्षांपूर्वीच्या शंभराला अजून नऊ कमी होते. हे गणित पाचवीतल्या मुलाला जमेल, पण त्या आठवड्यात ते मांडणारे थोडेच होते.

२०२० नंतरचा काळ सगळाच मृगजळ होता असे मात्र मी म्हणणार नाही. शहरे खरोखर उठून उभी राहिली. तोच २० टक्क्यांपलीकडे गेलेला शहरी दर जुलै-सप्टेंबर २०२४ मध्ये ६.४ वर आला. बांधकामे सुरू झाली, हॉटेलांच्या भट्ट्या पेटल्या, चाकणचे कारखाने पुन्हा तीन पाळ्यांत चालू लागले. यामागे खरी मजुरी आहे, खरा किराणा आहे. प्रश्न एवढाच आहे की गावाकडे गेलेले सगळे परत आले का. २०२३-२४ मध्येही शेतीतले प्रमाण ४६.१ टक्के होते. चार वर्षे उलटली तरी पाणी पुरते माघारी फिरले नव्हते.

याच काळात बेरोजगारीच्या दराची जवळची भावंडे काय सांगत होती? २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्या शंभर जणांत ५२ स्वयंरोजगारात होते, २०२३-२४ मध्ये ५८. नियमित पगार घेणारे २२.८ होते, ते २१.७ झाले. आणि २१ क्रमांकवाले, घरच्या कामात बिनमोबदला राबणारे, १३.६ वरून १९.४ वर गेले. म्हणजे देशात काम करणाऱ्या दर पाच जणांत जवळपास एक जण असा होता ज्याला कामाचे पैसे मिळत नव्हते. याच सहा वर्षांत बेरोजगारीचा दर ६ वरून ३.२ झाला.

बायकांची गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची. श्रमशक्तीतला त्यांचा सहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला. एवढी झेप सहसा पाहायला मिळत नाही. सरकार म्हणते, घरी नळ आला, गॅस आला, बचत गटांना कर्ज मिळाले, बाई बाहेर पडली. यात तथ्य आहे. गावोगावच्या बचत गटांतली पापड-मसाल्यांची, शिवणकामाची उलाढाल मी खोटी कशी म्हणू? काही अभ्यासक म्हणतात, बायका जे पूर्वीही करतच होत्या ते आता अधिक नीट विचारून नोंदवले जाते. हेही पटण्यासारखे आहे, आणि चांगले आहे. आणखी काही म्हणतात, घरातला पगार आटला म्हणून बाईला शेतात, शेळीमागे, दुकानात उतरावे लागले. काम करणाऱ्या बायकांपैकी ६४ टक्क्यांहून अधिक २०२३-२४ मध्ये शेतीत होत्या, त्याच्या सहा वर्षांपूर्वी ५७ टक्के होत्या. त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक बायका २१ क्रमांकात होत्या. या आकड्यांपुढे मला तिसरे स्पष्टीकरण सगळ्यात जड वाटते. बाई ९२ मधून २१ मध्ये गेली, म्हणजे गणतीत आली. हातात पैसा आला असे नव्हे.

आणि पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेला मुलगा? लातूर-नांदेडकडून आलेला, बी.ए. झालेला, राज्यसेवेचे दोन-तीन प्रयत्न हुकलेला. तो काम मागतो आहे असे सांगेल तर ८१. वसतिगृहाची जागा टिकावी म्हणून एम.ए.ला नाव घातले असेल तर ९१, म्हणजे हिशेबाबाहेर. २०२४ मध्ये महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या सतरा हजारांहून अधिक जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. ते अर्ज करणारे बहुतेक असेच कुठल्या ना कुठल्या क्रमांकात विखुरलेले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४च्या अहवालात एक आकडा आहे: २०२२ मध्ये अक्षरओळख नसलेल्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. शिकलेला थांबू शकतो, कारण त्याच्यामागे आईबापांनी विकलेली किंवा गहाण टाकलेली जमीन उभी असते. एक दिवस ती ताकद संपते. वडील फोनवर म्हणतात, “बास झालं आता, ये घरी, शेतात बघ जरा.” तो येतो. बापासोबत बांधावर उभा राहतो. पाहणी करणारा येतो, विचारतो, आई सांगते, “बापाला मदत करतोय.” २१. त्या दिवशी देशाची बेरोजगारी एका माणसाने कमी झाली.

म्हणून माझे मागणे साधे आहे. दिवसाचे माप परत आणा. पाहणीत आठवड्याच्या एकेका दिवसाचे काम आणि कामाचे तास आजही विचारले जातात, त्यातून ते काढणे अशक्य नाही. दर जाहीर कराल त्याच ओळीत २१ आणि ३१ यांचे प्रमाण छापा, आणि महागाई वजा करून उरलेली मजुरी छापा. आणि पुढच्या एखाद्या वर्षी हा ३.२ थोडा वाढलेला दिसला तर लगेच घाबरू नका. शेतातून उठून तो मुलगा पुन्हा पुण्याला आला असेल, आता काम मिळेल असे त्याला वाटू लागले असेल, ती बाई खुरपे ठेवून गावाबाहेरच्या नव्या कारखान्याच्या दारात अर्ज घेऊन उभी असेल. ८१ वाढले, २१ घटले आणि वर्षभराने ३१ वाढले, तर मी त्याला सुधारणा म्हणेन, मग त्या वर्षीची बातमी काही का असेना.